जाळी काढली त्या वर्षीची हरणं

ओमानमधल्या इब्रीच्या पश्चिमेला डांबरी रस्ता सोडून खडीच्या मैदानात बरंच आत गेलं की माझ्या अर्बाबांची जमीन लागते. अर्बाब म्हणजे मालक. त्या जमिनीची शेती मी सांभाळतो, आणि माझं निम्मं आयुष्य तिथेच गेलं. शेती म्हटलं की लोक विचारतात, काय पिकवता? लसूणघास, बार्ली, रोड्स गवत, असं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, गाई किती आहेत? गाई नव्हत्या. बकऱ्या नव्हत्या, उंटही नव्हते. ते सगळं हरणांसाठी होतं. रायगडातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात माझ्या अब्बांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. फोनवर ते दर वेळी विचारायचे, पण ती हरणं करतात काय? मी म्हणायचो, काही करत नाहीत, असतात.

दापोलीला शेतकीची पदवी घेऊन मी मस्कतला आलो तेव्हा दार्सैतला चुलतभावांच्या खोलीत राहायचो आणि मदिनत सुलतान काबूस या वस्तीतल्या बंगल्यांच्या बागा बघणाऱ्या एका कंपनीत कामाला जायचो. पावसाच्या मुलखातून येऊन मी इथे साहेबलोकांच्या हिरवळीला नळीने पाणी घालत होतो. एका बंगल्यात जुनं सिद्राचं झाड पाडायचं ठरलं होतं. सिद्र म्हणजे आपल्या बोरीचीच बहीण. त्याची मुळं भिंतीला धक्का लावणार नाहीत, हे मी घरमालकाला समजावत होतो, आणि पाहुणे म्हणून आलेले एक उंच, पांढऱ्या पायघोळ दिशदाश्यातले गृहस्थ बाजूला उभे राहून ऐकत होते. तरुणपणी ते व्यापारासाठी मुंबईला ये-जा करत, त्यामुळे त्यांचं बाजारी हिंदी चांगलं होतं. झाड वाचलं. निघताना त्यांनी मला विचारलं, हरणांसाठी शेती करशील का? मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

तेच माझे अर्बाब. पुढे आमची भाषाही तशीच झाली, अर्धी अरबी, अर्धी मुंबईची हिंदी. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. मी त्यांचा मुहंदिस, म्हणजे इंजिनियर. शेतकीवाल्यालाही इथे मुहंदिसच म्हणतात.

त्यांच्या लहानपणी त्या मैदानात हरणं मोकळी फिरायची. अरबीत त्यांना गझाल म्हणतात. आपल्याकडच्या चिंकाऱ्याच्या कुळातली ती. अंगाने बकरीहून बारीक, काड्यांसारखे पाय, पांढरं पोट, डोळ्यापासून नाकापर्यंत उतरलेला काळसर पट्टा. मग मैदानात गाड्या आल्या, बंदुका आल्या आणि हरणं दिसेनाशी झाली. अर्बाबांनी सरकारची परवानगी काढून एका मित्राच्या फार्मवरून थोडी आणली, जमिनीला चहूबाजूंनी माणसाच्या दीडपट उंचीची तारेची जाळी घातली आणि त्यांना आत सोडलं. मी गेलो तेव्हा मोजकी होती. नंतर वाढली.

हरणांसाठी पेरताना मला पुष्कळ काही नव्याने शिकावं लागलं. मोठं चौकोनी शेत त्यांना सोसत नाही. मधोमध चरताना चारी बाजूंचं दिसत नाही आणि ती बुजतात. म्हणून लांब अरुंद पट्टे पेरायचे आणि दोन पट्ट्यांमध्ये उघडी जमीन सोडायची. ओली लसूणघास एकदम पोटभर मिळाली तर पोट फुगतं, म्हणून तिचा एकच पट्टा, बाकी सुकं गवत. पाण्याचं टाकं जमिनीच्या पातळीत, आणि त्याला एका बाजूने दगडांचा उतार, म्हणजे सरडा किंवा उंदीर आत पडला तरी चढून बाहेर येईल. सावलीला समर आणि गाफ. समर म्हणजे बाभळीचा छत्रीसारखा वाढणारा भाऊबंद, आणि गाफ म्हणजे आपली शमी. गाफची कोवळी पालवी हरणं मागच्या पायांवर उभी राहून खातात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी काम सोडून बघत राहिलो होतो.

माझी बायको रत्नागिरीकडची. इब्रीच्या भारतीय शाळेत गणित शिकवते. दिवसभर पोरांशी इंग्रजी आणि हिंदी बोलून घरी आली की आमच्या बोलीत सुटते. तिला माझ्या कामाचं कौतुक होतं, पण हरणं तिने फारशी पाहिली नव्हती. ती जाळीजवळ आली की कळप पलीकडच्या टोकाला जायचा. माझीही फक्त गाडी त्यांना ओळखीची होती. गाडीतून उतरलो की मीही परकाच.

एके वर्षी थंडीतल्या एका शुक्रवारी सकाळी अर्बाबांचा मुलगा मस्कतहून आला. तो त्यांचा एकुलता एक, तिथे एका ऑफिसात मोठ्या जागेवर. अर्बाबांचे गुडघे वर्षभरात पार गेले होते. पूर्वी दर शुक्रवारी ते काठी घेऊन सगळे पट्टे फिरायचे. आता फाटकाजवळच्या बैठकीच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून दुर्बीण लावून बसायचे, आणि कळप नेमका लांबच्या टोकाला असायचा. मुलाच्या मनात होतं की वडिलांना हरणं जवळून दाखवावीत. त्यासाठी त्याने ड्रोन आणला होता. परवाना काढला होता, आदल्या आठवड्यात मला फोन करून विचारलंही होतं. मला कल्पना आवडली. वरून पट्टे कसे दिसत असतील हे मलाही पाहायचं होतं.

यंत्र फाटकाजवळून वर गेलं. मुलाने पडदा वडिलांच्या हातात दिला आणि स्वतः दुसऱ्या हातयंत्राने ते चालवू लागला. पडद्यावर माझे हिरवे पट्टे उमटले, वहीतल्या रेघांसारखे सरळ, आणि बार्लीच्या पट्ट्यात तपकिरी ठिपके. अर्बाब हसले. एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, ही ती म्हातारी, कान फाटलेली. मुलाने नीट दिसावं म्हणून यंत्र थोडं खाली घेतलं. मोहोळ उठल्यासारखा आवाज आमच्यापर्यंत आला. बार्लीतल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या.

हरणं पळताना मी कितीदा पाहिली होती. कोल्हा दिसला, पाइप फुटून फवारा उडाला की ती पळायची, थोड्या अंतरावर थांबायची, वळून बघायची, पुन्हा चरायला लागायची. त्या दिवशी ती थांबली नाहीत. पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेली, जाळी आली, वळली आणि जाळीच्या कडेकडेने आमच्या दिशेने आली. मुलाचा चेहरा पांढरा पडला. तो यंत्र परत आणायला लागला, पण परतीची वाट त्यांच्याच डोक्यावरून होती. कळप मधोमध फाटला. मग जाळीचा आवाज आला, लांबवर भांड्यांचा ढीग कोसळावा तसा. मग पुन्हा. मग पुन्हा.

मी पिकअप काढली, मुलगा मागे उडी मारून चढला. जाळीशी पोचलो तेव्हा धूळ अजून खाली बसली नव्हती. काही हरणं तारेच्या पायथ्याशी पडलेली, माना चुकीच्या बाजूला वळलेल्या. एक जिवंत होतं आणि उठायचा प्रयत्न करत होतं, पण पुढचे पाय त्याच्या कामाचे राहिले नव्हते. तारेच्या चौकटींत केस अडकले होते. मी गाडीतून उतरलो आणि काय करायचं तेच मला सुचेना. हात तसेच बाजूला लोंबत राहिले. मुलगा जमिनीवर बसला होता आणि हलक्या आवाजात एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. खलास, खलास.

नंतर माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघे धावलो तेव्हा पडदा अर्बाबांच्याच हातात राहिला होता. यंत्र अजून वरच होतं. आम्ही जवळ जाऊन जे पाहिलं, ते त्यांनी वरून पाहिलं.

इब्रीहून जनावरांचे डॉक्टर आले. मूळचे सुदानचे, सावकाश बोलणारे, माझ्या ओळखीचे. पाय मोडलेल्यांना त्यांनी सुई देऊन सोडवलं. उरलेला कळप गाफच्या झाडांखाली उभा होता, सगळ्यांची पोटं धपापत होती, पण उभी होती. मी मनात म्हटलं, एवढ्यावर निभावलं. डॉक्टरांनाही तसंच बोलून दाखवलं. ते दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मुहंदिस, आत्ताच असं म्हणू नका."

त्यांचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. सकाळी एक धट्टाकट्टा नर, अंगावर ओरखडाही नसलेला, सावलीत बसलेला दिसला. उठताना त्याचे मागचे पाय लाकडासारखे ताठ झाले होते. त्याने लघवी केली ती कोकमाच्या आगळासारखी, काळपट लाल. दुपारी तो आडवा झाला तो उठला नाही. त्याच्यामागून एक मादी. तिच्यामागून आणखी. जाळीला धडकलीही नव्हती ती हरणं. माझं लसूणघासीचं, गवताचं, पाण्याचं सगळं ज्ञान घेऊन मी उभा होतो आणि चांगली पोसलेली जनावरं माझ्यासमोर काही कारण न दिसता मरत होती. पाण्यात काही मिसळलं असेल म्हणून मी टाक्यातलं पाणी तपासायला पाठवलं. पाणी ठीक होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. भीतीने ही जनावरं इतकी धावतात की त्यांचं मांस आतल्या आत जळतं, आणि त्या जळालेल्या मांसाचं विष रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी करतं. धावणं संपतं, मरण मागाहून येतं. यावर औषध काय, मी विचारलं. ते म्हणाले, पकडून सलाइन लावायला गेलो तर पकडण्याच्या भीतीनेच जातील. सावली ठेवा, पाणी ठेवा आणि जवळ जाऊ नका.

तेव्हा आम्ही ट्रॅक्टर बंद केला, दिवसा पंप बंद केला, मजुरांना फाटकापाशी थांबवलं. गेलेल्यांसाठी जेसीबी बोलवायचीही सोय नव्हती, आवाज झाला असता. फावड्यांनी जाळीबाहेर खड्डा खणला, खडीत फावडं शिरत नव्हतं तरी खणला. मुलगा मस्कतला परत गेला नव्हता. तोही खणत होता, ऑफिसातले मऊ हात घेऊन.

घरी मी जेवायला बसायचो आणि तसाच उठायचो. बायको एकदा म्हणाली, "तुमी बोलत का नाय? रडायचा तर रडा." मला रडू येत नव्हतं. कान सुन्न झाले होते. कोण काय बोलतंय ते थोडं उशिरा ऐकू यायचं. आपण इतकी वर्षं ज्यांना खायला घातलं ती आपल्या आवाजालाही इतकी घाबरत असतील, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

शेवटी मरणं थांबलं. कळप निम्म्याहून कमी उरला. फाटक्या कानाची म्हातारी वाचली होती. का वाचली ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत.

अर्बाब मुलाला रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. ते रागावले नाहीत. मुलाला त्यांनी शेजारी बसवलं, त्याच्याकडून कहवा ओतून घेतला, खजूर त्याच्यापुढे सरकवला, त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी केली. त्या शुक्रवारबद्दल एक अक्षर नाही. मला ते रागावण्यापेक्षा अवघड वाटलं, आणि मुलाचं काय होत असेल ते त्याच्या मानेवरून दिसत होतं. ती वर होतच नव्हती.

काही आठवड्यांनी अर्बाबांनी मला जाळीपाशी गाडीतून घेऊन जायला सांगितलं. खाली उतरता येत नव्हतं, म्हणून काच उतरवून ते नुसते बघत बसले. तारेत अजून केस होते. त्यांनी विचारलं, खायला कमी होतं का त्यांना? मी नाही म्हटलं. पाणी? पाणीही होतं. कोल्हा, कुत्रा, काही आत आलं होतं? नाही. त्यांनी काच वर केली. मग म्हणाले, "मुहंदिस, ही जाळी काढून टाक."

मला वाटलं ते हा एक तुकडा बदलायला सांगताहेत. म्हटलं, नवी मागवतो, बारीक चौकटीची. ते म्हणाले, नवी नको. सगळी काढ, चारी बाजूंची.

मी त्यांच्याशी कधी वाद घातला नव्हता, तो त्या दिवशी घातला. उंट येतील, एका आठवड्यात सगळे पट्टे साफ करतील. भटकी कुत्री येतील. कुणी बंदूकवाला येईल. ही हरणं जाळीत जन्मली आहेत, बाहेर काय खायचं हे त्यांना माहीत नाही. हे सगळं मी एका दमात बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, उंटवाल्यांशी मी बोलतो, सरकारी ऑफिसात मुलगा जाईल, आणि बाहेरचं खायला त्यांना तू शिकव. यल्ला, घरी चल, गुडघा दुखतोय.

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. ती उठून आत गेली. नंतर स्वयंपाकघरातून म्हणाली, त्याची हरणं, त्याची जमीन.

शिकवायला वर्ष गेलं. लसूणघासीचा पट्टा मी हळूहळू कमी करत आणला, कारण बाहेर त्यांना कापलेली ओली घास कोण देणार. ठिबकच्या नळ्या काढल्या. समर, गाफ आणि सिद्राची रोपं लावली, जाळीच्या आत आणि बाहेर, प्रत्येकाभोवती काट्यांचं छोटं कुंपण. बाहेर वादीच्या काठाला दोन नवी टाकी बांधली. आमच्या रायगडात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची. इथली वादी म्हणजे कोरडी नदी, पाऊस पडला तरच वाहणारी, पण तिच्या पोटात ओल टिकते. सरकारी माणसं आली, हरणांची तपासणी झाली, कागद लागले ते झाले, आणि परवानगी मिळाली. अर्बाब खरोखरच उंटवाल्यांच्या तंबूत जाऊन बसले, जेवले. उंटवाल्यांनी इन्शाल्ला म्हटलं, अल्लाची मर्जी असेल तर उंट आवरू. त्या इन्शाल्लाचा अर्थ अर्बाबांनाही माहीत होता आणि मलाही.

जाळी काढायला थंडीतच सुरुवात केली. मुलगा दर सुट्टीला मस्कतहून यायचा. मजूर असतानाही तो स्वतः पक्कड घेऊन तार कापायचा, भेंडोळं करायचा. हातमोजे दिले तर बाजूला ठेवायचा. तारेची टोकं लागून त्याचे तळवे फाटले होते. एकदा मी त्याला म्हटलं, पुरे आता. तो म्हणाला, "मुहंदिस, मला हे करू द्या. दुसरं काय करू ते मला कळत नाही." मी दुसरी पक्कड घेऊन त्याच्या शेजारी तार कापायला लागलो.

शेवटचा खांब उपटला, खड्डे बुजवले. कळप लांब उभा होता. अर्बाब खुर्चीत बसले होते. आम्ही सगळे गाड्यांमध्ये बसून राहिलो, कुणी दार आपटू नये म्हणून दारं उघडीच ठेवून. सकाळ गेली. हरणं चरत चरत जाळी होती तिथपर्यंत आली. आणि वळली.

कधीतरी बाहेर पडतील म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिलं. पुन्हा तेच. जाळीच्या आतून कडेकडेने चालून चालून त्यांची एक पायवाट पडली होती, खडी दबून गुळगुळीत झालेली. त्या वाटेवरून ती चालत राहिली. डावीकडे हातभर अंतरावर सगळं मैदान उघडं होतं. ती तिकडे बघायची, कान हलवायची आणि कोपरा होता तिथे बरोबर काटकोनात वळायची.

महिना गेला. मी सुकी घास जाळीच्या जुन्या रेघेपलीकडे टाकली. ती मान लांब करून जेवढी पोचेल तेवढी खायची आणि बाकीची सोडून द्यायची. आतलं टाकं अर्धं रिकामं ठेवलं, बाहेरचं काठोकाठ भरलं. ती अर्ध्या टाक्याशी रांग लावायची. उंट मात्र पहिल्या आठवड्यातच आले होते, आणि बार्ली मुळासकट गेली होती. उंटवाला येऊन माफी मागून गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा उंट आले. हरणं उंटांना बाहेरून आत येताना आणि आतून बाहेर जाताना रोज बघत होती, तरी स्वतः जात नव्हती. मला तर रात्री झोपेतही तो काटकोन दिसायचा.

एकदा बायकोला तिथे घेऊन गेलो होतो. तिने कळप वळताना पाहिला आणि माझ्याकडे वळून विचारलं, जाळी खरंच नाय ना तिकडे? मी तिला गाडीने पलीकडे नेऊन दाखवलं. आणि परत निघालो तेव्हा ती हसायला लागली. चहूबाजूंनी मोकळं असताना मी गाडी मुद्दाम वळसा घालून जुन्या फाटकाच्या जागेवरूनच बाहेर काढली होती. आणि तिथे वेगही कमी केला होता.

उन्हाळा आला. समरच्या शेंगा पिकल्या. त्या चक्रीसारख्या वळलेल्या असतात, आणि गरम वारा सुटला की झाडाखाली सडा पडतो. मोठा समर होता तो रेघेबाहेर, वादीच्या काठाला. तो आमच्या कुणी लावलेला नव्हता. एका सकाळी अर्बाब आणि मी खोलीच्या सावलीत चहा घेत होतो. म्हातारी हरिणी, फाटक्या कानाची, पायवाटेवर थांबली. वाऱ्याने आलेली एक शेंग तिच्या पायाशी होती, ती खाल्ली. दुसरी थोडी पुढे होती. तिसरी त्याच्याही पुढे. चौथीपर्यंत ती गेली तेव्हा रेघ तिच्या मागे राहिली होती.

अर्बाबांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता.  चहा हिंदकळून माझ्या पायावर सांडला, तो गरम होता हे मला नंतर कळलं. म्हातारी समराखाली पोटभर शेंगा खाऊन आरामात परत आली, कळपात मिसळली. कळपातलं दुसरं कुणी त्या दिवशी गेलं नाही. नंतरचे कित्येक दिवसही नाही. मग दोन माद्या तिच्यामागे गेल्या, त्यांच्यामागे पाडसं. पाडसांना ती रेघ ठाऊकच नव्हती, ती नुसती उड्या मारत इकडून तिकडे जायची आणि आया कडेला उभ्या राहून अस्वस्थ व्हायच्या.

पुढच्या थंडीत मी चार दिवस पुण्याला, तिथे शिकणाऱ्या आमच्या मुलीला भेटायला गेलो होतो. परत आलो, गाडी घेऊन पट्ट्यांवरून फिरलो, आणि एकही हरीण दिसलं नाही. टाक्याशी ताजे माग नव्हते. गाफखाली कुणी बसलेलं नव्हतं. मी गाडी थांबवून हॉर्न दिला. असं मी कधी केलं नव्हतं, आणि का केलं ते मला सांगता येणार नाही. मोकळं करायचं म्हणूनच सगळं केलं होतं. तरीही मी उतरून माग शोधत टाक्याभोवती एक फेरी मारली. मी अर्बाबांना फोन केला. ते म्हणाले, हां, गेली. जणू मुलं शाळेत गेली असं सांगावं तसं. मग विचारलं, या वर्षी कुठल्या पट्ट्यात काय पेरणार आहेस? मी म्हटलं, कुणासाठी? ते म्हणाले, "जे येईल त्याच्यासाठी."

तर मी पेरतो. पूर्वीपेक्षा कमी, पावसाच्या अंदाजाने, वादीच्या ओलीवर. चंडोल येतात, ससे येतात, टाक्यावर सकाळी भट-तितरांचा थवा उतरतो आणि पोटाची पिसं भिजवून उडतो. उंट तर येतातच. अधूनमधून टाक्याच्या काठाला दोन टोकांचे बारीक खूर उमटलेले असतात. मी ते पाय देऊन पुसत नाही, एवढंच. माझ्या हातात आता फारसं काही नाही, आणि त्याची मला अजून सवय झालेली नाही.

मध्यंतरी बायकोच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या घरी, इब्रीपलीकडच्या एका गावात, आम्ही दुपारच्या जेवणाला निघालो होतो. आमच्या जमिनीपासून ते बरंच लांब. रस्त्याला वळण होतं आणि वळणापलीकडे एका गाफखाली एक हरीण उभं होतं. मी गाडी थांबवली. बायकोने हळूच विचारलं, "आपला?" मी निरखून पाहिलं. नर होता, तरणा. कानाला काही खूण नव्हती, आणि असती तरी मला सांगता आलं नसतं. मी म्हटलं, माहीत नाही.

मागून एक ट्रक आला आणि त्याने मोठ्याने हॉर्न दिला. हरीण उसळलं. माझे हात स्टिअरिंगवर आवळले गेले, डोळे मिटले गेले, आणि मी जाळीच्या आवाजाची वाट बघत राहिलो. आवाज आला नाही. डोळे उघडले तर ते अजून धावत होतं, लांब, आणखी लांब, मग सावकाश, मग चालत. मग थांबलं आणि वळून आमच्याकडे बघायला लागलं. थोड्या वेळाने त्याने मान खाली घातली.

बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. आम्ही तिथेच बसून राहिलो, इतका वेळ की इंजिन थंड झालं. जेवणाला पोचलो तेव्हा सगळ्यांची अर्धी जेवणं झाली होती. उशीर का झाला, असं घरच्या बाईंनी विचारलं. मी हात धुवायला वळलो. बायकोच म्हणाली, वाटेत थांबलो होतो जरा, आणि पानावर बसली.